हात वर केला की थांबायचं

शालन हुक्केरीकरनं गुरुराज सरांवर डूख धरला तो एका ओळीमुळे. दिल्लीच्या परिषदेत सरांनी संशोधन-निबंध वाचला, पुढे तो एका मासिकात छापून आला, आणि त्याच्या पार शेवटी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, टायपिंगला मदत केल्याबद्दल तिचे आभार मानलेले होते. टायपिंगला म्हणे. निबंधातला शब्दन् शब्द तिचा, अभ्यास तिचा, वणवण तिची, आणि आभार कशाचे तर टायपिंगचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणं, रडणं, राजीनामा फेकणं यातलं बाईनं काहीच केलं नाही. शांतपणे डबा खाल्ला आणि ठरवलं, याचं उट्टं काढल्याशिवाय या कॉलेजातून जायचं नाही.

शालन मूळची निपाणीकडची. वडील रेल्वेत, म्हणून घर बेंगळूरला, के. आर. पुरमला. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ आईच्या तोंडी. दाताची डॉक्टर होऊन ती बेंगळूरच्याच एका खाजगी डेंटल कॉलेजात शिकवायला लागली. नेमणूक विद्यार्थ्यांच्या क्लिनिकमध्ये. तिथं पोरं पहिल्यांदा खऱ्या माणसाच्या तोंडात हात घालत, आणि त्यांच्यावर नजर ठेवायची तिनं.

आता गंमत बघा. आधीची वर्षं ही पोरं प्लॅस्टरच्या ठोकळ्यात रोवलेले दात कोरत बसायची. ठोकळा काही कण्हत नाही. मग एके दिवशी खुर्चीत आनेकलच्या कारखान्यातला कामगार येऊन बसायचा, नाहीतर बेळ्ळंदूरकडची भाजीवाली, आणि आमचे भावी डॉक्टर त्यांनाही ठोकळाच समजून ड्रिल चालवायचे. पेशंट खुर्चीचा दांडा आवळून डोळे मिटून पडलेला. काम झाल्यावर विचारलं, दुखलं का? की उत्तर ठरलेलं. स्वल्प दुखलं डॉक्टर, सरी आहे; म्हणजे जरासं दुखलं, ठीक आहे. आणि अर्धवट कोरलेली दाढ घेऊन माणूस जो जायचा तो पुन्हा तोंड दाखवायचा नाही.

शालनला हे खटकत होतं. माणसं खोटं का बोलतात हे तिला कळेना. म्हणून तिनं कुणी करत नाही ते केलं. संध्याकाळी पांढरा कोट काढून ती आनेकलच्या बसमध्ये पेशंटच्या शेजारी जाऊन बसायला लागली. बसमध्ये लोक मोकळे व्हायचे. मल्लाप्पा नावाचा लेथवरचा कामगार तिला म्हणाला, "अक्का, तिथं माझ्या तोंडात तुमचे हात. दुखतंय म्हणून मी बोलायचं कुठून? आणि बोललो आणि तुम्ही चिडलात, तर तुमचं मशीन माझ्याच तोंडात की." एवढं बोलून तो हसला, पण ती हसली नाही.

त्या बसमध्ये तिची पद्धत तयार झाली. पद्धत साधी. पेशंटनं डावा हात वर केला की थांबायचं. तिथल्या तिथं, हत्यार तोंडाबाहेर. मग विचारायचं, आणि तो स्वतःच्या शब्दांत सांगून होईपर्यंत पुन्हा सुरू करायचं नाही. विद्यार्थ्यानं पेशंटला हात लावण्याआधी स्वतः त्या खुर्चीत तोंड उघडून पडायचं, आणि विद्यार्थ्याच्या आधी शिक्षकानं. तिनं वर्गाचे दोन गट केले. एका गटाला हे शिकवलं, दुसऱ्याला नेहमीसारखं सोडलं. पहिल्या गटाचे पेशंट परत यायला लागले, दुसऱ्याचे गळतच राहिले. पहिल्या गटातली अश्लेषा नावाची मुलगी तर अशी तयार झाली, की पेशंटचा हात नुसता हलला तरी तिचा पाय ड्रिलच्या पेडलवरून उचललेला असायचा. पेशंट मुद्दाम तिच्या खुर्चीसाठी थांबायचे. शालनला वाटलं, आपण डॉक्टर झालो ते यासाठी.

आणि इथं गुरुराज सर आले. हे विभागप्रमुख. मूळचे धारवाडचे, घरी मराठी, आवाज लोण्याहून मऊ. "अगं शालन, आपण आपली माणसं," हे त्यांचं पालुपद. सबंध कॉलेजात तिच्याशी मराठीत बोलणारा हा एकच माणूस, म्हणून बाई विरघळली. सगळं लिहून त्यांच्या हातात दिलं. "जरा नजर टाकतो, भाषा सुधारून देतो," म्हणाले. सुधारली बरं का. फक्त तिचं नाव काढून स्वतःचं घातलं.

ती जाब विचारायला गेली तेव्हा साहेबांनी कॉफी मागवली. "मोठ्या नावाखाली गेलं म्हणून लोकांनी वाचलं तरी. आपल्यातल्या आपल्यात काय तुझं नि माझं?" आणि पुढच्या सत्रात तिला क्लिनिकमधून उचलून प्लॅस्टरच्या लॅबमध्ये नेऊन टाकलं, पहिल्या वर्षाच्या पोरांपुढे, त्याच ठोकळ्यांपाशी. पेशंटशी संबंध संपला. साळसूद माणसं अशीच असतात, आधी लुटतात आणि मग लुटलेल्याला दाराबाहेर काढतात.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. सर व्यासपीठावर गहिवरून बोलले, खुर्चीत पडलेल्या गरीब माणसाची वेदना मला बघवत नव्हती म्हणाले. शालन दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर आई म्हणाली, "सोड गं आता. आपलीच माणसं आहेत." शालन म्हणाली, "म्हणूनच सोडणार नाही."

पण करणार काय? तक्रार केली तर ऐकायला बसणारे सरांचेच. तेव्हा ती टपून बसली. कॅन्टीनमध्ये त्यांच्या समोरच्या टेबलावर जागा धरायची आणि बघत राहायची. दाताच्या डॉक्टरचं बघणं ते. लवकरच तिला कळलं, सर उजव्या बाजूनंच चावतात. गार पाणी पिताना मान एका बाजूला कलंडते. खालची डावी दाढ किडलेली होती. दाताच्या डॉक्टरसारखा स्वतःच्या दाताला भिणारा माणूस जगात नाही, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. सर काही कुणापुढे तोंड उघडणार नव्हते. ती रोज त्यांना तसं एका गालानं जेवताना बघायची आणि तिला स्वतःचं जेवण गोड लागायचं.

संधी सरांनीच आणून दिली. निबंधाचा बोलबाला झाला, आणि कॉलेजानं कार्यशाळा ठेवली. ठिकठिकाणच्या डेंटल कॉलेजांचे शिक्षक, नर्सिंग शाळांच्या बाया, समुपदेशन करणारे समाजसेवक, सगळे शिकायला येणार की माणसाला मदत करणाऱ्यांना माणुसकी शिकवायची कशी. शिकवणार कोण, तर गुरुराज सर. आणि सरांना प्रात्यक्षिक करता येत नव्हतं, कारण ते त्यांनी एकदाही केलं नव्हतं. म्हणून शालनला लॅबमधून बोलावणं आलं. "तू नुसती बाजूला उभी राहा. मी बोलतो, तू करून दाखव." शालन म्हणाली, "हो सर. पेशंटचंही बघते." पेशंट म्हणून मल्लाप्पाचं नाव ठरलं. शालननं त्याला निरोप धाडलाच नाही.

कार्यशाळेच्या दिवशी हॉल गच्च भरला. मधोमध खुर्ची, दिवा, ड्रिल. अश्लेषा आणि तिच्या वर्गातली मुलं भिंतीशी उभी. पेशंटचा पत्ता नाही. सर घड्याळ बघायला लागले तशी शालननं माइक हातात घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "पेशंट आलेला नाही, पण काही अडत नाही. सरांच्या निबंधातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे, विद्यार्थ्याच्या आधी शिक्षकानं खुर्चीत बसावं. आज सर स्वतः बसताहेत." टाळ्यांचा कडकडाट. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. उठून जातात कुठं? वाक्य त्यांच्याच नावावर छापलेलं. बसले बिचारे.

त्यांना वाटलं, आरसा घालून बघेल आणि सोडेल. तिनं आरसा घातला आणि माइकजवळ वाकून म्हणाली, "खालची डावी दाढ किडली आहे. खोल नाही. आजच भरून टाकू. इंजेक्शन देऊ का सर?" आता एवढ्या पाहुण्यांसमोर, रोज पेशंटना 'काही दुखत नाही' म्हणून सांगणारा माणूस इंजेक्शन मागेल? "एवढ्याशाला कशाला," म्हणाले. हेही तिला ठाऊक होतं.

ड्रिल सुरू झालं. थोड्या वेळानं सरांचा डावा हात वर आला.

सगळा हॉल त्या हाताकडे बघत होता. भिंतीशी अश्लेषाचा पाय आपोआप जमिनीवरून उचलला गेला. शालननं हात पाहिला. नीट पाहिला. आणि ती थांबली नाही. हात आणखी वर गेला, बोटं फाकली, सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शालन कोरत राहिली, सावकाश, हात जराही न हलवता. कामात खोट नव्हती, तेवढी ती डॉक्टर होती. पण त्या माणसाचा हात हवेत थरथरताना बघून तिला जो आनंद झाला, तो तिला आयुष्यात कशानं झाला नव्हता. टायपिंग, ती मनात म्हणत होती. घ्या टायपिंग.

दाढ साफ झाली तेव्हाच तिनं ड्रिल बाहेर काढलं आणि वळून पाहुण्यांना म्हणाली, "अभ्यासात दोन गट होते. एका गटासाठी आम्ही थांबत होतो, दुसऱ्यासाठी थांबत नव्हतो. सरांना मी दुसऱ्या गटात घेतलं, म्हणजे फरक सगळ्यांच्या लक्षात राहील." लोकांना वाटलं, काय धाडसी प्रात्यक्षिक. कुणीतरी वा म्हणालं. मग ती सरांवर वाकली आणि पेशंटना विचारायची तसं विचारलं, "सर, दुखलं का?"

गुरुराज सरांनी तिच्याकडे पाहिलं. हॉलकडे पाहिलं. दाढेला अजून भोक होतं आणि भरणारी तीच होती. ओठावरची लाळ पुसून ते म्हणाले, "स्वल्प. सरी आहे."

पाहुणे गेल्यावर ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. बसली नाही. "पुढच्या महिन्यात हीच कार्यशाळा म्हैसूरला आहे ना सर? तिथंही मीच येईन म्हणते. उजवीकडचीही एक दाढ काळी दिसली मला." सर गालावर हात धरून बसले होते. मग म्हणाले, "तुला काय पाहिजे?" तिनं सांगितलं.

त्या मासिकाच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली. डॉ. शालन हुक्केरीकर हे नाव पहिलं, गुरुराज सरांचं खाली. प्लॅस्टरची लॅब सुटली, क्लिनिक तिच्या ताब्यात आलं. सर जिन्यात समोर आले तर भिंतीला चिकटून जायचे. शालननं आईसाठी म्हैसूरपाक नेला आणि दोघींनी चहाबरोबर खाल्ला. आईनं विचारलं, "शेवटी दिलं का त्यांनी?" शालन म्हणाली, "घेतलं मी." बाई त्या दिवशी अशी झोपली की सकाळी आईनं हलवलं तेव्हा कुठं जागी झाली.

क्लिनिकमध्ये तिचा पहिला आठवडा. मल्लाप्पा आला होता, दुसरी दाढ धरून. खुर्ची अर्थातच अश्लेषाची. शालन पलीकडे एका मुलाला काही समजावत होती, तिचं सहज लक्ष गेलं. मल्लाप्पाचा डावा हात वर होता. ड्रिल चालूच होतं.

तिला वाटलं, अश्लेषाला दिसलं नसेल. ती जवळ गेली आणि म्हणाली, "हात वर आहे."

"दिसला मॅडम," अश्लेषा म्हणाली. नजर दाढेवर, पाय पेडलवर. "थोडंच राहिलंय. थांबलं की वेळ जातो."

"थांब आधी."

अश्लेषानं पाय उचलला आणि मान वर केली. उद्धटपणा नव्हता त्या चेहऱ्यावर. ज्या बाईकडून सगळं शिकलो तिला विचारावं तसं तिनं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही पण हात बघितला होता ना मॅडम? मला दिसलं. आम्हाला सगळ्यांना दिसलं. तुम्ही थांबला नाहीत, आणि मग तुमचं नाव लागलं."

पलीकडच्या खुर्च्यांवरची मुलंही हातातलं काम टाकून उत्तराची वाट बघत होती. दुसऱ्या गटाची गोष्ट सांगावी असं शालनच्या ओठांवर आलं, पण ती थाप पाहुण्यांसाठी होती, या पोरांना काय सांगणार. सरांना दुखवायचं होतं मला, हे खरं उत्तर होतं, आणि ते या मुलांना आधीच कळलेलं होतं. तिनं अश्लेषाच्या हातातून आरसा घेतला, स्टूल ओढलं आणि मल्लाप्पाजवळ बसली.

"काय झालं अण्णा? सांगा. दुखलं का?"

मल्लाप्पानं तोंड मिटलं आणि मान हलवली. "काही नाही डॉक्टर. सरी आहे."

आजवर तो तिला अक्का म्हणत आला होता. "थांबलंय मशीन," ती म्हणाली. "हात खाली घ्या."

त्यानं तो घेतला नाही.