भितर काय भायर

त्याला मी पहिला नमस्कार केला तो देव समजून.

गावाची वेस सांभाळणारा आमचा राखणदार काठी, घोंगडी आणि वहाणा अशा थाटात फिरतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्या तिन्हीसांजेला मी आमच्या मिठबावच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत शिरलो, तर दगडी गडग्यापाशी तस्साच एक जण उभा. माझे हात आपोआप जुळले. म्हटलं, "म्हाराजा, चुकला-माकला सांभाळून घे."

"व्हय म्हाराजा," देव म्हणाला.

तो बागेवरचा नवा नेपाळी गुरखा होता. वडिलांनी त्याला आदल्या दिवशी ठेवलं होतं आणि सकाळी राखणदाराला नारळ देताना सोबत नेलं होतं. तिथं वडिलांनी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. त्याला वाटलं, इकडे कुणी काहीही बोललं तरी हेच उत्तर द्यायचं असतं.

पुढे त्याला मालवणी आली, तरी ती सवय राहिली. वडील बागेत पाय घसरून पडले, तेव्हा यानेच त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. वडील वाटभर शिव्या घालत होते, हळू चल म्हणून. प्रत्येक शिवीला हा "व्हय म्हाराजा". वडील त्यानंतर सहा पावसाळे जगले, ते त्या पाठीमुळे.

गावाचं मात्र ठरलेलं. कोंबडी हरवली की संशय नेपाळ्यांवर. कोंबडी संध्याकाळी घरी यायची, संशय बाहेरच फिरत राहायचा.

वडील गेल्यावर गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. पावसाळ्यात तो नेपाळला जायचा; त्या वर्षी परतताना बायको आणि लहान मुलीला घेऊन आला होता. बागेतल्या मांगरात, त्या एवढ्याशा खोपटात, बिऱ्हाड. राखणदाराला दरवर्षीचा नारळ द्यायच्या आदल्या दिवशी त्याने मला थांबवलं. थोरल्या भावाला तिकडे म्हणतात तसं तो मला दाजू म्हणायचा.

"दाजू, राखणदार भायल्याक वेशीर आडवता मां? मगे मी भितर काय भायर?"

मी म्हटलं, देवाक इचारूक व्हया. तो हसला नाही.

"माझा सोडा. पण चेडू हंय निजतला. ता भितर काय भायर?"

दुसऱ्या दिवशी वडिलांचं गाऱ्हाणं घोकलेलं तसं म्हटलं आणि शेवटी माझ्या पदरचं जोडलं, "आणि लांबच्या डोंगरातसून येवन आमची बाग राखता, तो, तेची बायल, तेचा चेडू, तुझी लेकरां समजान सांभाळ रे म्हाराजा." एरवी त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. त्या दिवशी बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणाले, तो मान खाली घालून काठीचं टोक मातीत फिरवत राहिला.

यंदा तो आला नाही. तिकडे आई एकटी, आता गावीच राहणार, असा फोन आला. नारळ देताना माझ्या पदरच्या त्या वाक्याशी मी अडखळलो, पण म्हटलं.

घरी येताना बायकोला म्हणालो, आपल्या राखणदाराची हद्द व्हाळापर्यंत, ओढा ओलांडून तो जात नाही. नेपाळात तो पोचणार कसा?

ती म्हणाली, "तो गुरखो थंयसून हंय इलो मां? मगे राखणदाराक थंय जावक काय झाला?"