पहिली धार

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे, गंडे-दोरे आमच्या घरातून वडिलांच्या वेळेसच हद्दपार झालेले. बाळाला तीट लावण्यावरूनही मी सासूबाईंशी वाद घालायची. तरी हे लिहितेय... आणि लिहिताना लाज वाटतेय.

१९८६-८७ची गोष्ट. राहायला पांढुर्ण्याला, नोकरी तिगावच्या प्राथमिक शाळेत, जाणं-येणं पॅसेंजरने. बाळंतपणाची रजा संपली आणि चार महिन्यांचा मुलगा सासूबाईंजवळ ठेवून मी कामावर रुजू झाले. नागपूरहून काचेचा पंप आणला होता, मागे रबरी फुगा असलेला. सकाळी त्याने दूध काढायचं, उकळलेल्या बाटलीत भरून गार पाण्यात ठेवायचं. दुपारी सासूबाई ते चमच्याने पाजणार, अशी योजना. पण पोरगा थुंकून टाकायचा आणि मी येईपर्यंत उपाशी रडायचा. दिवसेंदिवस वाळत चालला होता. नोकरी सोडावी लागणार हे दिसत होतं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. बाहेरून आलेल्या बाईने पाय धुवावेत, पहिली धार जमिनीवर सांडावी, मग लेकराला घ्यावं. उन्हातानातून आलेलं दूध बाधतं. मी हसायची. मास्तरीण ना मी!

इकडे शाळेत माझी वेगळीच फजिती. मधल्या सुट्टीपर्यंत छाती दगड व्हायची, ब्लाउज भिजायचा, चौथीतल्या पोरी एकमेकींना कोपर मारायच्या. मी सामानाच्या खोलीत जाऊन दूध पिळून टाकायची. घरी लेकरू उपाशी अन् इथे मी दूध फेकतेय... मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी खोलीत गेले तर थेंब येईना. छाती रिकामी, हलकी, नुकतंच पाजून उठल्यासारखी. दूध आटलं, या धास्तीने मी तिथेच रडले.

संध्याकाळी घरी आले तर पोरगा पाळण्यात हसत खेळत होता. बाटली मात्र भरलेली. दूध नासलं होतं.

"आई, याने काही घेतलंच नाही?"

"काऊन? तूच तं पाजून गेली," सासूबाई म्हणाल्या. "रडून राहिला होता, तं तू आली. पाय धुतले, पयली धार खाली सांडली, मंग घेतलं त्याले. आज बराबर शिकली तू. गाडीची घाई असन म्हनून मी बोलली नाई."

त्यांची नजर अशी की सुईत दोरा स्वतः ओवायच्या. पाळण्याजवळ सारवलेल्या जमिनीवर डाग होता, त्याला मुंग्या लागलेल्या. मी बाहेर आले तर शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, दुपारी आल्त्या नं? हाक देली, तुम्ही बोलल्याच नाई."

दुपारी त्या वेळेला तिगावहून गाडीच नव्हती. आणि मी वर्गात होते, अख्ख्या चौथीसमोर.

भीती वाटायला हवी होती. मला आधी वाटला तो मत्सर. जी कोण होती, तिने सगळं रीतीने केलं होतं, आणि माझं लेकरू तिच्या मांडीवर पोटभर प्यालं होतं. मी पदराखाली घेतलं तर त्याने तोंड फिरवलं.

रात्री यांनी समजूत काढली, आईला भास झाला असेल म्हणून. मग लीलाबाईंना? तो डाग? माझी रिकामी छाती? ती पुन्हा आली नाही. पुढे पोरगा हळूहळू चमच्याने प्यायला लागला, नोकरी टिकली.

पण लाज वाटते ती दुसऱ्या सकाळची. पोटच्या पोराजवळ कोण येऊन बसलं होतं, हे ठाऊक नसताना, पायात चपला घालता घालता मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आज दुपारी दाराला कडी लावू नका."