सत्कारातून उरलेलं दार

मुलगी सातवीत गेली त्या वर्षी मी गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य झाले. गाव आमचं कडेगावच्या अलीकडचं. दुसरी कुणी बाई तयार नव्हती म्हणून मला घेतलं, पण माझं तिथं खरंच एक काम होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार लागत नव्हतं. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं. त्यापेक्षा नकोच म्हणून पोरी शाळेत पाणी पीत नसत. माझी लेक बाटली भरलेलीच परत आणायची. कडी मीच आणून बसवली असती, पण चौकटच कुजलेली. नवं दार हवं तर समितीचा ठराव लागतो.

आणि बैठक म्हटली की आमच्याकडं आधी सत्कार. नव्या मुख्याध्यापकांचा, फौजेतून निवृत्त होऊन आलेल्यांचा, कुणाचा मुलगा भरती झाला तर त्याच्या बापाचा. शाल, नारळ, फोटो. दाराचा विषय येईपर्यंत ऊसतोडीच्या टोळीचे फोन सुरू व्हायचे आणि माणसं उठून जायची. पुढच्या बैठकीत, मागच्या वेळी सत्कारातून राहिलेले एक आण्णा रुसून व्हरांड्यातच बसले. त्यांची समजूत काढण्यात ती बैठक संपली. मला नुसता वैताग आला होता.

त्यानंतरच्या बैठकीत आण्णांच्या गळ्यात हार पडत असतानाच मी उठले. म्हणाले, फोटो मागनं काढा, आधी दाराचं बोला, तुमच्याही नाती त्याच दाराआड जातात. आवाज चढलाच होता. फोटो काढणाऱ्यानं मोबाइल खाली घेतला. मला वाटलं, लागलं एकदाचं मनाला.

समितीचे अध्यक्ष वयानं मोठे, स्वभावानं गोड. त्यांनी टेबलावरची शाल उचलली.

"ताईंनी लय धाडसानं प्रश्न मांडला. आदी त्यांचा सत्कार करू."

"आवं, मला शाल नको. दार पायजे."

"बसवू की. पर मानाला न्हाई म्हणू नये."

टाळ्या झाल्या. शाल खांद्यावर पडली, फोटो निघाला, चहा आला आणि बैठक उठली. ठराव कुणी लिहिलाच नाही. रस्ताभर मी स्वतःशीच चरफडत घरी आले.

फोटो माझ्याआधीच घरच्या मोबाइलवर पोचला होता. लेक तो बघत होती, चेहरा नुसता फुललेला.

"आई, दार झालं न्हवं? मग उद्यापासनं शाळेत पाणी पिऊ?"

मला नको म्हणावं लागलं.