आकडा राहू द्या, वाचून दाखवा

चाकांच्या खुर्चीची करकर ऐकू आली की कॅनडातल्या कनाटाच्या आमच्या ऑफिसात सगळे मान खाली घालायचे. करकर आपल्या टेबलाशी थांबली तर समजायचं, आज आपली पाळी. खुर्ची ओढत येणारे हे गृहस्थ नागपूरचे. चष्मा कपाळावर, हातात प्रिंटआउट आणि तोंडी ठरलेलं वाक्य: "आकडा राहू द्या, ताई. आधी वाचून दाखवा."

आकडा कसला, ते सांगते. दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. टेलिफोनच्या यंत्रांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. असा प्रोग्रॅम लहान लहान भागांत वाटलेला असतो, त्या भागांना क्लास म्हणतात. ह्यांच्याकडे एक टूल होतं. ते प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचायचं आणि प्रत्येक क्लासला आकडे द्यायचं: आत फाटे किती फुटलेत, दुसऱ्या किती क्लासवर तो अवलंबून आहे. मर्यादेत असला तर हिरवा, नाहीतर लाल. मर्यादा ठरवायचे हेच.

पण लाल दिसला म्हणून ते कुणाला कधी बोलले नाहीत. शेजारी बसायचे आणि आपलाच कोड आपल्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, शाळेत धडा वाचून घेतात तसा. मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. चाळिशीला आलेली बाई मी, आणि माझ्याकडून वाचन! पण जिथे मी अडखळायचे, घाण नेमकी तिथेच सापडायची. कधी मी न अडखळता शेवटपर्यंत गेले, तर स्वारी खूश. "मग कामच अवघड आहे, ताई. राहू द्या लाल. थर्मामीटर आहे हा. ताप सांगते, रोग नाही सांगत."

लाल चुकवायच्या युक्त्याही निघाल्या. आमच्यातल्या एका कॅनेडियनाने एक अवाढव्य क्लास चिरून त्याचे बारीक बारीक तुकडे केले. आकडे लगेच हिरवे. ह्यांनी चष्मा नाकावर घेतला, पाहिलं आणि म्हणाले, "यू डिड नॉट क्लीन द हाउस, माय फ्रेंड. यू पुट एव्हरीथिंग इन द बेसमेंट." तो बिचारा स्वतःच हसत सुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याने सगळं परत नीट लिहून काढलं.

मग मंदी आली. दर थोड्या दिवसांनी कामावरून काढलेलं कुणीतरी आपल्या सामानाचा खोका घेऊन पार्किंग लॉटमधला बर्फ तुडवत जाताना दिसायचं. आम्ही खिडकीतून बघायचो आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायचो. वाईट वाटून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. घरी जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसायचा, जेवायचं, झोपायचं.

तेवढ्यात नवीन डायरेक्टर आला. टूलच्या रिपोर्टात प्रत्येक क्लासपुढे त्याला शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव घाला, असं त्याने फर्मान काढलं. कुणाला काढायचं ते त्यावरून ठरणार होतं. मीटिंगमध्ये हे एकटेच उभे राहिले. "धिस इज फॉर कोड, सर. नॉट फॉर पीपल." आम्ही बाकीचे टेबलाकडे बघत बसलो.

नावं आली, आणि सगळ्यात लाल क्लासपुढे ह्यांचंच नाव होतं. फोनचे कॉल जोडणारा तो जुना क्लास. त्याला हात लावायला सगळे घाबरायचे, म्हणून बिघडला की दर वेळी हेच दुरुस्त करायचे.

लंचरूममध्ये मी हळूच म्हटलं, "मर्यादा तुमच्याच हातात आहे ना? जरा वाढवा. कोणाला कळणार आहे?"

"बायकोही तेच म्हणून राहिली," ते म्हणाले. पोळीचा घास हातातच होता. "या वयात कोण जॉब देते मला, ताई? ठाऊक आहे. पण इतकी वर्षं लोकांना याच काट्यावर मोजलं. माझी पाळी आली तर काटा सरकवू?"

"बसा मग तत्त्वं घेऊन!" मी चिडून म्हटलं.

"तत्त्वं कसली," ते म्हणाले. "थकलो आहे फक्त."

शुक्रवारी त्यांना आत बोलावलं. डायरेक्टरच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि माझं टेबल समोरच. दोघांच्या मध्ये रिपोर्ट पडलेला. ह्यांनी सवयीने खुर्ची पुढे ओढली.

"शाल आय रीड यू द कोड, सर? टेन मिनिट्स ओन्ली."

"नो नीड. द नंबर्स आर क्लिअर."

ते बाहेर आले, खाली बसून बर्फातले बूट चढवले, नाड्या सावकाश बांधल्या. "येतो, ताई," एवढंच म्हणाले. ह्या वेळी मात्र मला खिडकीकडे बघवेना.

त्या जुन्या क्लासचेही नंतर तुकडे केले गेले. रिपोर्ट हिरवागार यायला लागला, डायरेक्टर खूश झाला. पुढे एके दिवशी कॉल मध्येच तुटायला लागले. सगळे माझ्या स्क्रीनभोवती जमले, पण सुरुवात कुठून करायची ते कोणालाच कळेना. डायरेक्टरने विचारलं, "हू नोज धिस कोड?"

मी मोठ्याने वाचायला लागले. थोडं पुढे गेले आणि एका ओळीशी अडखळले. तशीच थांबले, आणि बाजूला, ते खुर्ची ओढून बसायचे तिथे, पाहिलं.