सोनाळ्याचा पाच वॅटचा आवाज

पोळा नुकताच झाला होता. रविवारी सकाळी उंद्रीच्या मळ्यातल्या खोलीत हॅम रेडिओ लावून बसलो... आणि एका बाईला गप्प बसवण्याचा निर्णय ऐकला.

हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायचं बिनतारी स्टेशन. दर रविवारी आसपासच्या गावांतले आम्ही हौशी लोक एका फ्रिक्वेन्सीवर जमतो, त्याला नेट म्हणतो. कोणी कधी बोलायचं ते खामगावचे विजूभाऊ ठरवतात.

सोनाळ्याच्या सुजाताताई निवृत्त शिक्षिका. घरी कापूस, आणि स्वतः जोडलेला पाच वॅटचा सेट. विजूभाऊंचे शंभर वॅट. ताई बोलल्या की आम्हाला नुसती खरखर ऐकू यायची.

त्या दिवशी विजूभाऊ म्हणाले, "ताई, तुमचं काहीच समजून नाही राह्यलं. पुढच्या रविवारपासून तुम्ही फक्त ऐका. काही असलं तर ग्रुपवर टाका." ताई काहीतरी बोलल्या. तेही कोणाला कळलं नाही. नेट पुढे गेलं.

मी फोन केला. ताई म्हणाल्या, "दादा, फक्त ऐकाचंच असतं तर मले आकाशवाणी पुरली असती. एवढा अभ्यास करून परीक्षा कायले देली मंग? पुढच्या रविवारीही असंच झालं तर सेट शाळेले देऊन टाकते."

फोन ठेवला आणि ठरवलं... पुढच्या रविवारी हा आवाज सगळ्यांनी ऐकायचा म्हणजे ऐकायचा.

माझा रेडिओ सॉफ्टवेअरवर चालतो. हवेत जे काही येतं ते कच्चं, जसंच्या तसं लॅपटॉपमध्ये साठवून ठेवता येतं, आणि नंतर वेगळ्या सेटिंगवर पुन्हा ऐकता येतं. रविवारचं रेकॉर्डिंग उघडलं तर पडद्यावर ताईंच्या सिग्नलची रेघ बारीक, पण स्पष्ट! म्हणजे त्यांचा सेट नीट होता. आणि त्या रेघेवरून सेकंदा-सेकंदाला एक आडवा पट्टा जात होता. टक... टक... टक...

हे शेजारच्या सलीमभाईंचं झटका मशीन. रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं शेतात घुसू नयेत म्हणून ते कुंपणाच्या तारेत सारखा विजेचा ठोका सोडत राहतं. मी बांधावर गेलो. "सलीमभाई, रविवारी सकाळी थोडा वेळ मशीन बंद ठेवाल का?"

"काऊन?"

"रेडिओत आवाज येतो त्याचा."

"अन् रोही आले तर त्याइले काय सांगू? भाऊचा रेडिओ चालू हाय, मंग या?" ते हसले, पण मशीन बंद करणार नाही हे स्पष्ट होतं. माणूस चुकीचं बोलत नव्हता.

परत येऊन हट्टानं बसलो. रेडिओत एजीसी नावाची सोय असते. मोठा आवाज आला की रेडिओ आपली ऐकण्याची ताकद, म्हणजे गेन, स्वतःच कमी करतो. तो आवाज गेला की गेन हळूहळू वाढवतो. आपले कान वाचतात.

माझी एजीसी 'स्लो'वर होती. टक झालं की गेन खाली... वर यायच्या आत पुढचा टक. विजूभाऊंचे शंभर वॅट संपले की लगेच ताईंची पाळी, तेव्हाही तेच. रेडिओ बहिरा झालेला असताना ताई बोलत होत्या. सगळ्यांकडे थोडंफार हेच होत असणार. आणि आम्ही म्हणत होतो, ताईंचा आवाज कमी पडतो!

मोठा आवाज तोच महत्त्वाचा, असं यंत्रानं धरलं तर समजू शकतो. आपण माणसं तसं का धरतो? चळवळीच्या सभांमधून मी हे आयुष्यभर ओरडून सांगत आलो. पण ताई नेमकं काय सांगत होत्या, हे फोनवर विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

एजीसी बंद केली. टक तेवढे कापणारा फिल्टर लावला. गेन हातानं वर नेला... आणि ताई बोलल्या.

"इकडे डोमकळ्या दिसून राह्यल्या. बीटी हाय म्हणून निवांत राहू नका. फुलं फोडून पाहा."

डोमकळी म्हणजे न उमललेलं, पाकळ्या एकमेकींना चिकटलेलं कपाशीचं फूल. आत गुलाबी बोंडअळी असते. बीटी बियाण्याच्या कपाशीवर ही अळी येत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. अळी शिकली. आम्ही पाकिटावरच्या चित्राकडे बघत बसलो.

तसाच सलीमभाईंकडे गेलो. दोघं त्यांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरलो. चौथ्या-पाचव्या ओळीत त्यांनी एक कळी तोडली, नखानं उकलली, आणि आतली गुलाबी अळी तळहातावर घेतली. "कोन सांगतलं म्हनता हे?"

"सोनाळ्याच्या ताईंनी."

"लवकर सांगतलं बाईनं. आता येचून जाळता येतीन, सापळे लावता येतीन."

पुढच्या रविवारी नेट सुरू होताच मी मध्ये शिरलो. ताईंचे शब्द वाचून दाखवले, आमच्या शिवारात काय सापडलं ते सांगितलं. भाषण केलं नाही... विजूभाऊंचाही कापूसच आहे. ते म्हणाले, "समद्याइनं एजीसी बंद करा, गेन हातात घ्या. सोनाळा, बोला ताई."

ताई बोलल्या. खरखर होतीच, पण शब्द कळत होते. लांबच्या धाड गावातल्या लोकांना कळले नाहीत तेवढे मी पुढे पोचवले.

आता नेटवर पहिली पाळी कमी वॅटवाल्यांची असते. ताई अळीपासून सुरू करतात आणि सुनेच्या बदलीपर्यंत जातात. परवा विजूभाऊ मला म्हणाले, "भाऊ, आता ताईले आवरा जरा." मी म्हटलं, मी काही त्यांना आवरत नाही. एजीसी बंद असल्यामुळे मोठी स्टेशनं कानात फुटतात, बोट सतत गेनवर ठेवावं लागतं... ताई बोलत असतात तोवर मी ते उचलत नाही.