मागच्या गल्लीने न्या

छत्तीस वर्षांच्या नोकरीत किती गुन्हे नोंदवले, किती खटल्यांत साक्ष दिली, याचा हिशेब आता मला विचारू नका. पण राजपुऱ्यातल्या एका देवघराचं प्रकरण मात्र तारीखवार आठवतं, आणि आठवलं की हातातला चहा निवतो. त्यात ना खून होता, ना दरोडा.

तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आमच्या हद्दीत एक बाई राहायच्या. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी एक नाद लावून घेतला होता. दर रविवारी सकाळी सात वाजता पंधरा-वीस माणसं राजपुऱ्याच्या दरवाजाशी जमवायच्या आणि गल्ल्यागल्ल्यांतून पायी फिरवायच्या. राजपुऱ्यातून सिंधीपुऱ्यात, लूमची खटखट ऐकत, जुन्या घरांची लाकडी कामं बघत, शेवटी मावा जिलबीच्या दुकानाशी यायचं. सगळी इथलीच माणसं. बँकेतले, शाळेतले, दोन डॉक्टर. जन्म इथं गेला, पण शेजारची गल्ली कधी पाहिली नाही अशी. बाईंच्या शब्दावर लोक दारं उघडायचे. चपला ओट्यावर काढायच्या, आत जायचं, बघायचं, पाणी प्यायचं आणि निघायचं, अशी रीत पडली होती.

मला हे सगळं रिकामटेकडेपण वाटायचं. गल्ल्या काय बघायच्या? मी तर त्या रोज बघत होतो. पण पोलीस गल्लीत शिरतो तो कुणाला तरी शोधायला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एका बुधवारी दुपारी राजपुऱ्यातला एक दुकानदार बायकोसह तक्रार घेऊन आला. देवघरातले चांदीचे पाच टाक गेले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे कुळाचे देव. आई शनिवारीच चांदनी गावाला लेकीकडे गेली होती, कारण लेक आजारी होती. घरात हा, बायको आणि मुलं. बायकोच्या जबाबाप्रमाणे रविवारी सकाळी तिने पूजा केली तेव्हा देव जागेवर होते. मग फिरणारी मंडळी घर बघायला आली. त्यानंतर मुलांच्या शाळेच्या गडबडीत तिने देवघर उघडलं नाही, बाहेरूनच उदबत्ती लावली. बुधवारी दार उघडलं तर आत काही नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, म्हणाला. आधीच लेकीची काळजी, त्यात तिला बीपी.

मी गुन्हा नोंदवला आणि पंचनामा केला. देवघराच्या दारांवरचं कोरीव काम खरोखर पाहण्यासारखं होतं. कुलूप नव्हतं, नुसती पितळी कडी.

संध्याकाळी माझ्या खबऱ्याने, त्याच गल्लीतल्या पानवाल्याने, बातमी दिली. मंडळी बाहेर पडली तरी एक जण आत मागे रेंगाळला होता. त्याचा हात देवघराच्या कडीवर होता, हे शेजारच्या बाईने खिडकीतून पाहिलं होतं. मी वर्णन विचारलं आणि पानवाला हसला. म्हणाला, "साब, वर्णन काय सांगू, तुमचाच माणूस आहे."

माझाच होता. बारा वर्षांपूर्वी मीच त्याला घरफोडीत पकडलं होतं. तीन गुन्हे शाबीत झाले आणि शिक्षा भोगून तो बाहेर आला. तेव्हापासून सिंधीपुऱ्यात एका खोलीत राहून लूमवर सुताच्या कांड्या भरण्याचं काम करायचा. वय पन्नाशीला आलेलं, एकटा जीव. बाईंच्या फिरण्यात तो पाच-सहा महिन्यांपासून येत होता आणि बाईंना त्याने आपला सगळा इतिहास पहिल्याच दिवशी सांगितला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच.

गुरुवारी सकाळी त्याला ठाण्यात बोलावलं. तो स्वतःच्या पायाने आला आणि बाकावर बसला. मी जुन्या सवयीने विचारपूस केली. एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारायचा, मध्येच उठून जायचं, परत येऊन पहिल्यापासून सुरू करायचं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याचं उत्तर दर वेळी थोडं सुधारत जातं. याचं उत्तर तिन्ही वेळा तसंच आलं. हो, मागे थांबलो होतो. हो, कडीला हात लावला. कशाला लावला, तर तो म्हणाला, "साहेब, कड्या मी लय पाहिल्या. पन अंधारात. कोनी बोलवून, उजेडात, 'बघा किती सुंदर कडी आहे' असं म्हटलं, ते पहिल्यांदा झालं. म्हनून हात लावला."

मी ते खरं मानलं नाही. दुसऱ्या कुठल्याही फौजदाराने मानलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खोलीची झडती घ्यायची ठरली. त्या गल्ल्यांत जीप शिरत नाही, चालतच जावं लागतं. ठाण्यातून सिंधीपुऱ्याला जायला दोन वाटा. एक राजपुऱ्याच्या भर वस्तीतून, ओट्याओट्यांवरून. दुसरी मागून, ओढ्याच्या बाजूने, तिथं कुणी नसतं. निघताना तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, झडती घ्या, काही पन विचारा. पन मागच्या गल्लीने न्या. त्या लोकांच्या घरात मी पानी पिलो आहे."

मी त्याला पुढच्या गल्लीने नेलं. जवळ पडतं, हे कारण मी हवालदाराला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. चार लोकांनी बघितलं की माणूस ढासळतो आणि बोलतो, हे मला ठाऊक होतं. दोन बाजूंना दोन शिपाई, एकाचा हात त्याच्या दंडावर, मागे मी. ओट्यांवर बायका भाजी निवडत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. एकीने उघडं दार ओढून घेतलं. त्याने मान वर केली नाही. खोलीत एक सतरंजी, स्टोव्ह, दोन कपडे आणि बाईंनी दिलेला गल्ल्यांचा हाताने काढलेला नकाशा मिळाला. टाक नव्हते. संध्याकाळी त्याला सोडलं आणि उद्या परत ये म्हणून बजावलं.

शुक्रवारी सकाळी बाई ठाण्यात आल्या. रागावलेल्या होत्या, पण आवाज शाळेतल्यासारखा शांत. म्हणाल्या, माझ्या मंडळीतला माणूस चोर ठरला तर उद्यापासून एकही दार उघडणार नाही, पण मी त्यासाठी आलेले नाही. मंडळींनी मोबाईलवर काढलेले फोटो घेऊन त्या आल्या होत्या, कोण कुठं उभं होतं ते दाखवायला. मी फोटो चाळत होतो. आमच्या ठाण्यातली महिला प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, मागे उभी होती. ती एका फोटोवर थांबली आणि म्हणाली, "सर, इथं पूजा झालेली दिसते का तुम्हाला?"

फोटो रविवारचा, सकाळी सव्वाआठचा. देवघराची बंद दारं. समोर रांगोळी नाही, फूल नाही, उदबत्तीची राख नाही, निरांजनात वात नाही. मी तोच फोटो दोनदा पाहिला होता आणि मला फक्त कडी दिसली होती.

म्हणजे घरच्या सुनेचा जबाब खोटा होता. माझा संशय लगेच तिच्यावर उडी मारून बसला. आम्ही दुकानदाराच्या घरी गेलो, पण दारातच प्रधान आरक्षक म्हणाली, तुम्ही बाहेर ओट्यावर थांबा, मी एकटी बोलते. दहा मिनिटांत ती बाहेर आली. सून शनिवारपासून अडचणीत होती. चार दिवस ती देवघराजवळ गेलीच नव्हती, बुधवारी न्हाऊन गेली. पण ठाण्यात, नवऱ्यासमोर, आम्हा तीन पुरुषांसमोर हे ती कशी सांगणार? म्हणून तिने रविवारी पूजा केल्याचं सांगितलं. तिला वाटलं, त्याने काय फरक पडतो. पडला तो शिपायाचा हात, एका माणसाच्या दंडावर.

मी दुकानदाराला म्हटलं, आईला फोन लावा. तो कां कूं करत होता. शेवटी लावला आणि स्पीकर सुरू केला. म्हातारी आधी ऐकून घेईना, मग एकदम म्हणाली, "अरे, देव तांदळात आहेत. सून बसलेली, मी इकडे आली, तर पूजा कोन करनार होतं? तू? कोठीतल्या पितळी डब्यात बघ. मलाच विचारायचं सोडून पोलिसात कायले गेले तुम्ही?"

घरात पूजा करायला कुणी नसलं की देव तांदळात ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. माझी आईही ठेवायची. परातीत तांदूळ ओतले, तसे एकेक करून पाचही टाक बाहेर आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिला माहीत होतं तिला त्रास नको म्हणून सगळ्यांनी लपवलं, आणि जिने सांगायचं ती लाजली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. खारिजी अहवाल पाठवून प्रकरण बंद केलं आणि कारणाच्या जागी 'गैरसमज' एवढंच लिहिलं. सुनेची गोष्ट कागदावर येऊ दिली नाही.

मग मी मागच्या गल्लीने सिंधीपुऱ्यात गेलो. पुढच्या गल्लीने जायची मलाच लाज वाटली. तो सतरंजीवर बसला होता. मी सांगितलं, टाक सापडले, माझी चूक झाली.

"तुम्ही मला सांगितलं साहेब, चांगलं केलं," तो म्हणाला. "पन मला तर माहीतच होतं. गल्लीला कोन सांगनार?"

मी म्हटलं, रविवारी मी तुमच्याबरोबर फिरायला येतो, मीच सांगतो. तो म्हणाला, "वर्दीत या. त्या दिवशी वर्दीत होते."

रविवारी मी वर्दीत गेलो. पुढच्या गल्लीने, त्याच्या शेजारून, मागे बाई आणि सगळी मंडळी. प्रत्येक ओट्याशी थांबलो आणि सांगितलं की हा माणूस निर्दोष आहे, चूक पोलिसांची, म्हणजे माझी. इतक्या कोर्टांत उभा राहिलो, पण असं बोलायची वेळ आली नव्हती. देवघराच्या घरी सून स्वतः बाहेर आली, तिने आधी त्याला पाणी दिलं आणि मान खाली घालून आत बोलावलं. तो पाणी प्यायला. आत गेला नाही, चपलांकडे बघतो म्हणाला.

संशय घ्यायला मला पगार मिळत होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण संशय घेतलेल्या माणसाला कुठल्या वाटेने न्यायचं, हे माझ्या हातात होतं. ते कुठल्याच कलमात लिहिलेलं नसतं. टाक चोरीलाच गेले नव्हते, तरी त्या गुन्ह्यात शिक्षा झाली, आणि ती मी दिली.

निवृत्त झाल्यापासून मीही दर रविवारी बाईंबरोबर फिरतो. तो अजून येतो. घर आलं की मंडळी आत जातात आणि तो ओट्यावर बसून चपला सांभाळतो. सगळे बोलावतात, तो हसून नको म्हणतो. एकदा मी त्याला म्हटलं, चल, आज आपण दोघं आत जाऊ.

"तुम्ही जा साहेब," तो म्हणाला. "उद्या काही हरवलं, तर मी बाहेर होतो, हे चार लोकांनी पाहिलेलं बरं."

मी चपला काढल्या होत्या. त्या तशाच ठेवल्या आणि त्याच्या शेजारी ओट्यावर बसलो. तेव्हापासून मीही कुठल्या घरात जात नाही.