भट्टीवाले साडू

माझ्या साडूंइतका चोख माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि समोरच्याला इतका दमवणाराही. एमआयडीसीत जिकडे पाहावं तिकडे सळ्यांचे कारखाने; त्यांच्या गराड्यातल्या एका लहानशा शेडमध्ये हे महाशय गुडघ्यात, खुब्यात बसवायचे टायटॅनियमचे सांधे नायट्रोजनच्या भट्टीत तापवतात. त्यानं वरचा थर कडक होतो, सोनेरी दिसतो आणि झिजत नाही. एवढं मला तोंडपाठ आहे, कारण लग्नापासून त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकलेलंच नाही.

भट्टीत जाणाऱ्या सांध्याला उघडं बोट लागलेलं त्यांना खपत नाही. "घामाचा डाग भट्टीतून पक्का होऊन येतो. मंग काही केल्या जात न्हाई." बरं, सांध्याचं समजलं. पण हा गृहस्थ चहाचा कपसुद्धा हातरुमालात धरतो! नातीच्या बारशाला तिलाही रुमाल पसरूनच मांडीवर घेतलं. कुंभार पिंपळगावच्या एका लग्नात तर पुऱ्यांच्या कढईशेजारी ठाण मांडून बसले आणि आचाऱ्याला एक पुरी काढू देईनात. "पिवळी झाली, सोनेरी कुठंय? घाई केली की थर धरत न्हाई." बाहेर पंगत ताटकळली, नवरदेवाचे मामा रुसले, आणि त्यांची समजूत घालायला नेहमीप्रमाणे मी.

मग माझाच उजवा गुडघा गेला. जिना सोडाच, मोरीपर्यंत जाणं जिवावर यायचं. पण ऑपरेशनची भयंकर भीती वाटायची. पुन्हा चालता आलंच नाही तर? साडू रोज येऊन बसायचे. "झिजायचा न्हाई, मी सांगून राह्यलो ना!" शेवटी वैतागून हो म्हणालो. सांधा बसला, तोही सोनेरीच. तो आपल्याच भट्टीतला का, हे साडूंनी डॉक्टरांना तीनदा विचारलं. ते तरी काय सांगणार? माल खोक्यांतून जातो. इतक्या वर्षांत तो कुणाच्या पायात बसला, हे साडूंना एकदाही कळलेलं नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी काठी न घेता दारापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. साडू उठले, रुमाल खिशात कोंबला आणि खाली बसून उघडा तळवा माझ्या गुडघ्यावर ठेवला. खरं सांगतो, मला भरून आलं.

"अहो, डाग पडेल," मी म्हणालो.

"पडू द्या," म्हणाले. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. पाय दुखायला लागला होता, पण मीही हललो नाही.